डबा पुन्हा वाजतोय

(फॅमिली ग्रुप: लोकमान्य नगर, इंदूर आणि बाहेरगावची मंडळी)

सुहासकाका: नॅसचा डबा (घरातल्या सगळ्यांचे फोटो-फाइल ठेवायचा, नेटवर्कवरचा) दुपारपासून पीं पीं करून राहिलाय. दोनातली एक डिस्क गेली म्हणून नवी 8 टीबीची घातली, रिपेअर सुरू झालं आणि मधेच डिस्क गायब. नवीच खराब निघाली. उद्या सिल्व्हर मॉलला जाऊन दुकानदाराच्या टेबलावर आपटतो.

मंजूआत्या: म्हणून का गणपतीचे फोटो उघडत नाहीयेत?

केतन: उघडतील आत्या, सावकाश. जुनी एक डिस्क शाबूत आहे, सगळं तिच्यावर चाललंय. काका, एवढ्यात दुकानात जाऊ नका. बाहेरची यूएसबी डिस्क आहे ना तुमच्याकडे? आधी सगळं तिच्यावर उतरवून घ्या.

सुहासकाका: कशाला? एकीवरचं दुसरीवर असतंच. तोच बॅकअप.

केतन: नाही हो. मिरर असतो तो एक डिस्क गेली तरी डबा चालू राहावा म्हणून. कोणी चुकून फोल्डर उडवलं तर दोन्हीकडून त्याच क्षणी उडणार. आणि आत्ता तर एकच उरलीय. रिपेअर म्हणजे तिच्यावरचं नवीवर उतरवणं, त्यात तिचा कानाकोपरा वाचला जातो. गेलेल्या डिस्कच्याच वयाची आहे ती, नेमकी तेव्हाच बसली म्हणजे?

स्नेहावहिनी: चुकून फोल्डर उडवणारं कोण, नाव घेऊन सांगा 😄

केतन: उदाहरण हो वहिनी.

सुहासकाका: बरं, कॉपी लावली. इथे 'नवीन व्हॉल्यूम बनवा' असंही विचारतोय. करू?

केतन: अजिबात नको!! त्यात भलती डिस्क निवडली गेली तर आजोबांचे होळकर कॉलेजचे सगळे स्कॅन साफ. आपल्याला फक्त रिपेअर हवंय, आणि तेही कॉपी झाल्यावर.

(दुसऱ्या दिवशी)

सुहासकाका: शुभ सकाळ. कॉपी झाली. काही फोटो यूएसबीवरून उघडूनही पाहिले, ठीक आहेत.

केतन: उघडून पाहिलेत हे फार बरं केलंत, बहुतेक लोक कॉपी झाली की सोडून देतात. आता नव्या डिस्कच्या लेबलचा फोटो टाका. आणि डब्याच्या सेटिंगमध्ये त्या डिस्कची स्मार्टची यादी (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ती) उघडा, तिचाही.

सुहासकाका: [फोटो] [फोटो]

केतन: मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर पाहिला. सीएमआर आहे, म्हणजे ती शंका मिटली.

मंजूआत्या: सीएम काय?

केतन: आत्या, काही डिस्कमध्ये जास्त डेटा मावावा म्हणून ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवतात. त्या एसएमआर. थोडं बदलायचं तरी शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं, म्हणून भरपूर लिहायची वेळ आली की रेंगाळतात. कधी कधी डबा वाट बघून कंटाळतो आणि डिस्कला बाहेर काढतो. सीएमआरमध्ये ती भानगड नाही. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलनं मान्य केलं होतं की नॅससाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेत 2 ते 6 टीबीच्या डिस्क एसएमआर आहेत. मग सीएमआरवाल्या 'रेड प्लस' नावानं वेगळ्या काढल्या. तेव्हा खोक्यावर 'नॅस' लिहिलंय एवढ्यावर जायचं नाही.

केतन: काका, यादीत बघा. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या जागा) 0, पेंडिंग (संशयित जागा) 0. तबकड्या ठणठणीत. पण खाली यूडीएमए सीआरसी एरर 214! कोऱ्या डिस्कला! ही चूक डिस्क आणि डब्याच्या मधल्या वाटेत होते. कनेक्टर नीट बसलेला नसणार. डबा बंद करून ट्रे काढा.

सुहासकाका: काढला. डिस्क एका बाजूनं उचललेली आहे. जुनीला खालून मधे भोकं होती, हिला तिथे भोकंच नाहीत. फिटिंगला आलेल्या पोरानं तिथेच स्क्रू घुसवायचा प्रयत्न केलाय, अर्धा आत, वाकडा. काय भिया, पैसे घेऊन गेला वर!

केतन: 😂 मोठ्या डिस्कपैकी बऱ्याच जणींना ती मधली भोकं नसतात. तो स्क्रू काढून टाका, ट्रेच्या दुसऱ्या भोकांशी जुळतील ती वापरा. डिस्क सपाट बसली का बघा, मग ट्रे खटकन आवाज येईपर्यंत आत सरकवा.

सुहासकाका: आला आवाज. हिरवा दिवा. रिपेअर 2%.

केतन: सीआरसीचा आकडा कमी कधी होत नाही, पण 214 वर थांबला पाहिजे. वाढत राहिला तर स्लॉट किंवा डिस्क, मग खुशाल दुकानात जा. जुनीच्या 4 टीबीला सेकंदाला 150 एमबीचा वेग धरला तरी साडेसात तास, प्रत्यक्षात जास्तच. तोवर सगळ्यांनी मोबाइलचं ऑटो अपलोड बंद ठेवा. डबा यूपीएसवर आहे ना?

स्नेहावहिनी: आहे. फ्रीजचं प्लग काढून लावलाय त्यांनी 🙄

मंजूआत्या: 8 चे पैसे दिले आणि जागा 3.6 च दाखवतोय, हे कसं?

केतन: मिररला लहान डिस्कएवढीच जागा मिळते, आणि जुनी 4 चीच आहे. दुसरीही 8 ची केली की वाढवता येईल. 4 चे 3.6 होतात कारण कंपनी हजारानं मोजते आणि डबा 1024 नं.

(रात्री उशिरा)

सुहासकाका: रिपेअर पूर्ण. आकडा 214 च. पीं पीं बंद. फ्रीजही चालू.

मंजूआत्या: मग सिल्व्हर मॉलला जाणार की नाही आता? माझ्या प्रिंटरची शाई आणायची होती.

सुहासकाका: जातो ना, त्या पोराशी बोलायचंच आहे. कोणती शाई ते टाक इथे.

मंजूआत्या: काळी. आणि बिल घेऊन ये.