मुकर्नसला मराठी शब्द?

भाषांतरवाली: तुर्कस्तानातल्या कोन्या-अक्सराय रस्त्यावरच्या सुलतान हानवरचा (हान म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाची इमारत) मजकूर मराठीत करतेय (सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबाद पहिला, इ.स. १२२९). दर्शनी दरवाजा १३ मीटर उंच, त्याच्या खोल कोनाड्याचा माथा लहान लहान खळग्यांनी भरलेला. खळग्यांची प्रत्येक ओळ खालचीपेक्षा पुढे येते आणि माथा निमुळता होत जातो. हाच मुकर्नस. मी 'पोळ्यासारखी नक्षी' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'झुंबरनक्षी' केलं. दोन्ही खटकतात. काय लिहू?

टाकी: आधी 'नक्षी' काढा. नक्षी तयार भिंतीवर कोरतात, इथे भिंतच तशी रचलीय. इराणात मुकर्नस बऱ्याचदा गिलाव्याचा, मागच्या छताला टांगलेला. अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानात) तो घडीव दगडाचा, थरावर थर चढवलेला. दगडाचा मागचा भाग भिंतीत पुरेसा मुरवला नाही, तर वरचा भार बसायच्या आधीच तो पुढे झुकतो. दोन खळग्यांमधली धार पातळ. तिथे छिन्नी जोरात बसली की कपचा उडतो, आणि तो परत जोडता येत नाही. 'पोळं'ही नको. पोळ्याची घरं एकसारखी, इथे थरागणिक आकार बदलतो. मी 'थरकोनाडे' म्हणेन.

कुळकथा: थरकोनाडे कोणाला कळणार? घुमट, मिनार, कमान, महिरप सगळे फारसी-अरबीतूनच आले. मुकर्नस ठेवा, नाहीतर सरळ महिरप लिहा.

टाकी: मुकर्नस चालेल, महिरप अजिबात नाही. आपली महिरप म्हणजे मखराला असते तशी कमान. मूळ मिहराब म्हणजे मशिदीतला किब्ल्याकडचा, म्हणजे नमाजाच्या दिशेचा कोनाडा. सुलतान हानच्या चौकात मधोमध चार कमानींवर उचललेली छोटी मशीद आहे, मिहराब तिच्यात. शिवाय अशा दरवाजांच्या जाडीत दोन्ही अंगांना समोरासमोर कोनाडे असतात, त्यांना तुर्कीत मिहराबिये म्हणतात. तिन्ही गोष्टींना महिरप म्हटलंत तर वाचक दरवाजात आहे की मशिदीत, हेच कळणार नाही.

रेघोटी: 'थर' मात्र नावात हवाच. इराणातल्या तख्त-ए-सुलेमानला तेराव्या शतकातली जिप्समची फरशी सापडली, तिच्यावर मुकर्नसचा आराखडा कोरलाय. सपाट रेघा, चौकोन आणि तिरके समभुज चौकोन. कोणता तुकडा कितव्या थरात, हे ठरवल्याशिवाय त्यातून काहीच उभं राहत नाही.

वाटाड्या: 'हान'चं काय केलंत? धर्मशाळा लिहा. वक्फच्या उत्पन्नावर चालायची, तीन दिवस राहणं-जेवण फुकट.

कुळकथा: सराई म्हणा. लग्नसराईतली सराई तीच असणार, वऱ्हाड उतरायची जागा.

रेघोटी: 'असणार' म्हणून व्युत्पत्ती ठरत नाही. लग्नसराई म्हणजे लग्नांचा हंगाम. उतरायच्या जागेचा तिथे काय संबंध?

कुळकथा: मग हंगामाला सराई का म्हणतात, ते तुम्ही सांगा.

टाकी: सराई चालेल, पण पुढचा उघडा चौक आणि मागचं बंदिस्त दालन वेगळं लिहा. दालनाला भिंतीत अरुंद झरोके, उजेडासाठी मधल्या पट्ट्यावर घुमट. चौकाच्या कडेच्या कमानींना 'ओवऱ्या' नेमका बसतो.

वाटाड्या: ओवरी देवळाची. इथे पडवी हवी.

टाकी: पडवी म्हणजे घराला लागून उतरतं छप्पर. इथे दगडी खांबांवर दगडी कमानी आहेत, उतार कुठेच नाही. ओवरीच.