लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर: कुठे अडलं, कसं सुटलं?

खोकं घरी येतं, केबल लागते आणि पडद्यावर अक्षरं उमटतात, 'नो सिग्नल'. बहुतेक वेळा मॉनिटर धडधाकट असतो. घोडं पोर्ट, केबल किंवा सेटिंगपाशी अडलेलं असतं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी खाली उत्तरांत नेमकं लिहावं: कोणतं पोर्ट, कोणती केबल, कुठली सेटिंग.

—

टाइप-सीपासून सुरुवात करतो. पोर्ट दिसायला सारखं, पण काम सारखं नाही. काही टाइप-सी पोर्टांतून चार्जिंग आणि डेटा जातो, चित्र जात नाही. शेजारी थंडरबोल्टची (टाइप-सीचाच वेगवान प्रकार) विजेची खूण किंवा डी-पी गुंफलेलं डिस्प्लेपोर्टचं (एचडीएमआयसारखीच चित्र पाठवणारी जोडणी) चिन्ह असेल तर निश्चिंत राहा. नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड', म्हणजे टाइप-सीतून चित्र पाठवायची सोय, हे शब्द शोधा.

पोर्ट बरोबर असूनही पडदा काळाच राहिला, तर केबल बदलून बघा. फोनबरोबर येणाऱ्या चार्जिंगच्या केबलमध्ये व्हिडिओच्या तारा बहुधा नसतातच.

त्याच केबलने लॅपटॉप चार्ज करायचा असेल तर वॅट जुळवा. मॉनिटर ६५ वॅट देतो आणि लॅपटॉपचा अडॅप्टर १३० वॅटचा आहे, असं असेल तर जड कामात चार्जिंग चालू असूनही बॅटरी उतरत जाते.

—

फोर-के (३८४० × २१६० ठिपक्यांच्या) पडद्यावर माउसचा बाण अडखळत सरकत असेल तर बहुधा पडदा ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवर, चाललाय. एचडीएमआय १.४ फोर-केला तेवढंच देतं. ६० हवे असतील तर लॅपटॉपचं पोर्ट, मधला हब (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारी डबी), केबल आणि मॉनिटरचं पोर्ट, या चौघांनाही एचडीएमआय २.० चा वेग झेपला पाहिजे. एक जरी जुनं निघालं तरी सगळं ३० वर येतं. स्वस्त हबच्या खोक्यावर 'फोर-के' ठळक आणि '३० हर्ट्झ' बारीक छापलेलं असतं, घेताना ते वाचा. विंडोज ११ मध्ये हे सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे दिसतं आणि बदलताही येतं.

लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट असेल तर साधा अडॅप्टर चालत नाही. यूएसबीतून वीज घेणारा अ‍ॅक्टिव्ह अडॅप्टरच लागतो.

—

मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी इंच आणि रिझोल्यूशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या) एकत्रच बघावं, हे मला कळकळीने सांगायचंय. २७ इंची फुल एचडीत (१९२० × १०८०) इंचाला साधारण ८२ ठिपके बसतात. इंग्रजी त्यात निभावून जातं. देवनागरीत मात्र शिरोरेघेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार यांची दाटी होते. 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द १०० टक्के स्केलिंगवर (विंडोजमधून अक्षरं न वाढवता), नेहमीच्या आकारात वाचून बघा: र्थ्यां वरचा रफार आणि अनुस्वार मिळून एकच डाग दिसतो. फुल एचडीच घ्यायचा तर २४ इंची घ्या, ९२ ठिपके मिळतात. २७ इंचीला किमान २५६० × १४४० हवं, म्हणजे १०९. २७ इंची फोर-केत १६३ ठिपके येतात आणि १५० टक्के स्केलिंगवर जोडाक्षरं छापल्यासारखी दिसतात.

त्यानंतर विंडोजमधला, अक्षरं स्पष्ट करणारा क्लिअरटाइप ट्यूनर चालवा. तो प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळी निवड विचारतो, घाईत 'नेक्स्ट' दाबत जाऊ नका.

—

डेस्कटॉपवाल्यांसाठी: ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डात खोचा, मदरबोर्डच्या पोर्टात नाही. 'नो सिग्नल'चं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

—

एचडीएमआयवर काळा रंग राखाडी दिसतोय? काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा लॅपटॉप १६ ते २३५ या आकड्यांत पाठवतोय आणि मॉनिटर ० ते २५५ धरून बसलाय. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनलमध्ये आउटपुट रेंज 'फुल' करा.

टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरत असाल तर त्या इनपुटला 'पीसी' हे नाव द्या. बऱ्याच टीव्हींत त्याने अक्षरांच्या कडांचे रंगीत ओघळ जातात. टास्कबार कापला जात असेल तर 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा.

—

अ‍ॅपलच्या एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक एअर एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात. हब कितीही महाग घेतला तरी दुसरा चालत नाही. डिस्प्लेलिंकचा (यूएसबीतून चित्र पाठवणारं तंत्र) डॉक लावून त्याचं ड्रायव्हर टाकलं तर चालतो, पण चित्र प्रोसेसरकडून दाबून पाठवलं जातं, त्यामुळे व्हिडिओचं काम करणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

—

खुर्चीवरून उठलं की पडदा दोन सेकंद काळा होतो, ही तक्रार खरी असते. गॅस-लिफ्टच्या खुर्चीत साठलेली स्थिर वीज सुटते, तिचा झटका केबल पकडते आणि सिग्नल तुटतो. पंख्याच्या बटणानेही असं होतं. चांगल्या शील्डिंगची (तारांभोवती धातूचं वेष्टण असलेली), शक्यतो दीड-दोन मीटरच्या आतली केबल घ्या, आणि प्लगला अर्थिंग खरोखर मिळतंय का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

—

मॉनिटर टेबलाच्या आर्मवर बसवताना त्याच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर मोजा, बहुतेक १०० × १०० मिलिमीटर असतं. स्क्रू एम४ (४ मिलिमीटर जाडीचे). लांब स्क्रू जोर लावून पिळू नका, टोक आत पॅनलला लागतं; वॉशर घाला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली ठेवा. प्रोग्रेसिव्ह चष्मा (वर लांबचा, खाली जवळचा नंबर) असेल तर अजून दोन-तीन इंच खाली घ्या, नाहीतर खालच्या भिंगातून बघायला मान दिवसभर मागे वळलेली राहते.