मदत हवी आहे : 'तुझं बाळ लहान आहे' म्हणून नाईट शिफ्टच देत नाहीत

ऐरोलीत एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्क टीमला आहे, सहा वर्षं झाली. राहते घणसोलीला. आमच्याकडे मोठी मायग्रेशन्स (म्हणजे चालू सिस्टिम नव्या यंत्रणेवर हलवण्याची कामं) रात्रीच होतात आणि प्रमोशनच्या वेळी नेमकी तीच मोजली जातात. मॅटर्निटी लीव्हवरून परतल्यापासून सरांनी मला एकदाही रात्रीच्या रोस्टरवर घेतलेलं नाही. "तुझ्याच सोयीसाठी गं!" म्हणतात. माणूस वाईट नाही, हीच पंचाईत. टीममधल्या एकाचं बाळ माझ्या मुलीपेक्षा लहान आहे, त्याला मात्र कुणी सोय विचारत नाही.

रात्रीच्या कामासाठी माझी लेखी संमती मेलवर दिली आहे. घरी नवरा आणि सासूबाई आहेत, तो प्रश्न नाही. कंपनीची कॅबही आहे. एचआरने 'टीमचा अंतर्गत विषय' म्हणून हात झटकले. अंतर्गत समितीकडे जा असं एकीने सुचवलं, पण ती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असते, हे तसलं काही नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार संमती, सुरक्षितता आणि वाहतुकीची सोय असेल तर बाईला रात्री ९.३० नंतर काम करता येतं. बढती-प्रशिक्षणात भेदभावालाही मनाई आहे. पण कायदा दाखवला की संबंध बिघडणार, आणि नोकरी सोडायची नाहीये.

अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी सरांच्या वरिष्ठांना मेल करू की सरांकडेच रोस्टरचे निकष लेखी मागू? कुणी असं केलं असेल तर नेमकं काय लिहिलं होतं?