मदत हवी आहे: एकाच प्रथिनाची दोन पेप्टाइडं, दोन वेगळी उत्तरं

मास स्पेकवाले (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र वापरणारे) कुणी असाल तर जरा बघा. तीन आठवडे डोकं फोडतेय.

पेशींच्या लायसेटमधलं (फोडलेल्या पेशींच्या द्रावणातलं) एक एन्झाइम मोजायचंय. किती पट वाढलं वगैरे नको, थेट आकडा हवाय: एक मायक्रोग्रॅम एकूण प्रथिनात किती फेम्टोमोल (१०⁻¹⁵ मोल). म्हणून त्यातली दोन पेप्टाइडं (प्रथिन कापल्यावर मिळणारे छोटे तुकडे) निवडली आणि तुलनेसाठी त्यांची जड समस्थानिकांची जुळी भावंडं मागवली (शेवटचं आर्जिनिन जड, फरक १०.००८ डाल्टन). ट्रिप्सिनने (प्रथिन लायसिन-आर्जिनिनपाशी कापणारं एन्झाइम) ३७ अंशांवर १६ तास पचन, आम्ल घालून थांबवलं, मग जड पेप्टाइडं मोजून मिसळली आणि पीआरएम (निवडक पेप्टाइडं फोडून त्यांचे तुकडे मोजायची पद्धत) लावलं.

हलकं (नमुन्यातलं) आणि जड पेप्टाइड स्तंभातून एकाच वेळी उतरतं, यंत्रात फुटलेल्या तुकड्यांची प्रमाणंही जुळतात. तरी पेप्टाइड अ सांगतं ४१ फेम्टोमोल, ब सांगतं १७. तीनदा केलं, दोन्हींचा सीव्ही (मोजमापांमधला विखुरलेपणा) ६ टक्क्यांच्या आत. म्हणजे चुकतंय तेही इमानेइतबारे! सहज ऑक्सिडाइज होणारी मेथिओनिन, सिस्टीन दोन्हींत नाहीत. सहकारी म्हणतो सरासरी २९ लिही आणि मोकळी हो. मला पटत नाही. कुणाचं खरं मानू?

प्रतिसाद १
सरासरी मुळीच नको. प्रथिनाच्या एका रेणूतून दोन्ही पेप्टाइडं एकेकच निघतात, तेव्हा मोलमध्ये आकडा एकच यायला हवा. तुम्ही जड पेप्टाइड पचनानंतर घातलंत, म्हणजे ते कापलं जाण्याच्या परीक्षेला बसलंच नाही. ब जिथे सुटतं तिथले शेजारी कोण?

धागाकर्ती
ब च्या आधीच्या लायसिनला दोन्ही बाजूंनी अ‍ॅस्पार्टिक आम्ल आहे.

प्रतिसाद १
मग तिथेच पाणी मुरतंय. आम्लधर्मी शेजारी असले की ट्रिप्सिन रेंगाळतं. १, ४, १६, २४ तासांचे नमुने काढा. अ सपाट झालं आणि ब चढतच राहिलं तर उत्तर मिळालं. न कापलेलं लांब पेप्टाइडही शोधा. खरा उपाय म्हणजे अख्खं जड प्रथिनच सुरुवातीला घालणं, पण ते बनवणं सोपं नाही. निदान कापाच्या दोन्ही बाजूंना थोडी मूळ शेपटी असलेलं जड पेप्टाइड तरी घ्या.

प्रतिसाद २
पण मोठा आकडा खरा असं धरून चालू नका. कुपीतल्या पेप्टाइडचं प्रमाण कशावरून ठरवलंत? नुसत्या वजनावरून असेल तर त्यात ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्लाचं मीठ आणि पाणीही आलं. जड पेप्टाइड तुम्हाला वाटतं त्याहून कमी पडतं आणि उत्तर फुगतं. अमिनो आम्ल विश्लेषण करून घ्या. फार पातळ द्रावण प्लास्टिकच्या नळीत ठेवलं तरी तेच: पेप्टाइड भिंतीला चिकटतं.

धागाकर्ती
बघितलं. ब चं विश्लेषण झालेलं होतं, अ ची कुपी मात्र नुसत्या वजनावरची! तुम्ही दोघंही बरोबर निघालात. २४ तासांत ब १७ वरून २२ वर गेलं. आधी ८ मोलर युरियात लिस-सी (लायसिनपाशी कापणारं दुसरं एन्झाइम), मग पातळ करून ट्रिप्सिन, असं केल्यावर २९. अ जागचं हललं नाही, ते आता विश्लेषणाला पाठवतेय.

(२९ बघून सहकारी खूश आहे. त्याची सरासरीही २९च होती. त्याला समजावणं हा वेगळा धागा.)