जुने मतदारसंघ शोधायचे तर आधी नकाशा
अहो, तुम्ही २००७ आणि २०१२ चे वडोदऱ्याचे विधानसभा निकाल शेजारी ठेवून मतं कुठे सरकली ते काढताय, पण मधे सीमाच बदलल्यात ना! २००८ च्या परिसीमनात, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या तेव्हा, अकोटा आणि मांजलपूर हे मतदारसंघ नवीन झाले, रावपुरा, सयाजीगंज नावं तीच पण आतला भाग तोच नाही. त्यामुळे नुसते आकडे वजा करून काही हाती लागणार नाही.

मी काय केलं सांगते, लायब्ररीत जुना ॲटलस मागितला, परिसीमनाच्या आदेशातली वॉर्डांची आणि गावांची यादी जवळ ठेवली, वर ट्रेसिंग पेपर ठेवून हलक्या पेन्सिलीने हद्द काढली, मग जनगणना पुस्तिकेतला वॉर्डाचा नकाशा लावला तर बसेचना, कारण स्केलच वेगळी! कोपऱ्यातली स्केल आणि छापल्याचं वर्ष आधी बघाच, मी दोन दुपारी त्यात घालवल्यात. विश्वामित्री नदी आणि रेल्वेलाइन दोन्ही नकाशांत असतात, त्यावर जुळवलं की पटकन बसतं.

आणखी एक, २०१३ मधे छोटाउदेपूर वेगळा जिल्हा झाला, म्हणून त्याआधीच्या नकाशातला "वडोदरा जिल्हा" बराच मोठा दिसेल, दचकू नका.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेली सेंट्रल लायब्ररी आपल्या मांडवीजवळच आहे, तिथे जाऊन काउंटरवर नकाशांबद्दल नक्की विचारा, मोबाईलवर झूम करून हे कळत नाही हो. बूथवार आकडे फॉर्म २० मधे, म्हणजे निवडणुकीच्या अंतिम निकालपत्रकात मिळतील, ते सगळ्यात शेवटी घ्या.