कोपऱ्यावरचं बीफ नूडल्सचं दुकान: तुमचा वाडगा कोणता?

काल तैपेईत दिवसभर पाऊस. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात बीफ नूडल सूप खाल्लं आणि वाटलं, आपली माणसं इतकी पांगलीत, प्रत्येकाचं असं एखादं दुकान असणारच. मिशेलिनवालं नको. डगमगतं स्टूल, तेलकट टेबल, कोपऱ्यात ओरडणारा टीव्ही, असलं हवं. न खाणाऱ्यांनीही लिहा. खावं की खाऊ नये, हा वाद मात्र इथे नको.

सुरुवात माझ्यापासून. आमच्या दुकानात कागदाची चिठ्ठी आणि पेन्सिल ठेवलेली असते. हवं त्यापुढे खूण करायची आणि काउंटरवर द्यायची. पहिल्या महिन्यात मला चिनी अक्षरं जेमतेम चार यायची: गाय, मांस, सूप, नूडल. चारही एका ओळीत दिसली, केली खूण. वाडगा आला तर रस्सा आहे, नूडल्स आहेत, मांसाचा पत्ता नाही. शेजारच्या काकांच्या वाडग्यात मात्र ढीग! पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीने उलगडा केला: 'न्यूरौ-म्येन' म्हणजे मांसासकट, 'न्यूरौ-तांग-म्येन' म्हणजे बीफच्या रश्शातल्या नुसत्या नूडल्स, म्हणून स्वस्त. मधलं 'सूप' वाचता येत होतं म्हणून फसले.

*

शिंचू, तैवान. चिपच्या कारखान्यात आहे, रात्रपाळी सुटली की थेट दुकान. लाल रश्शाला 'होंगशाव' म्हणतात. सोया सॉस, तिखट आंबवलेली चटणी, वर लाल तेल. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तोंडातून 'तर्री' असाच शब्द आला. मी 'बानजिन-बानरौ' घेतो, अर्धे स्नायुबंध, अर्धं मांस. ज्यांना पायाचं सूप आवडतं त्यांना ते चिकट, थलथलीत प्रकरण समजावून सांगावं लागत नाही.

दुकानदाराचे वडील 1949च्या सुमाराला चीनमधून आलेल्या सैनिकांपैकी. अशा सैनिकांच्या वसाहतींतच हा पदार्थ रुजला म्हणतात. नाव सिचुआनचं लावतात, घडला मात्र तैवानात.

पण सांगायचं होतं ते घरमालकीणबाईंचं. सत्तरी उलटलेली, शेतकऱ्याची लेक. त्या बीफला शिवत नाहीत. धर्माचं काही नाही. ज्याने शेत नांगरलं त्याला कसं खायचं, एवढंच. जुन्या पिढीत असे बरेच आहेत इथे. मी हौसेने त्यांना बैलपोळ्याबद्दल सांगितलं. शिंगं रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी भरवतात. फोनमधले गावचे फोटोही दाखवले. त्यांनी सगळे नीट पाहिले आणि विचारलं, "मग तू कसा खातोस?"

आमच्याकडे शेती होती, बैलही होते. मला उत्तर सुचलं नाही. दुकानात अजून जातो, पण मागच्या गल्लीने.

*

ह्यूस्टन. आमच्याकडे बेलेअर बुलेव्हार्डवर व्हिएतनामी 'फो'ची, म्हणजे रश्शातल्या तांदळाच्या नूडल्सची, दुकानं हवी तेवढी. व्हिएतनाम युद्ध संपल्यावर, 1975नंतर आलेल्या लोकांचा हा भाग वसवण्यात मोठा वाटा. दारात पाय ठेवला की चक्रीफूल, दालचिनी आणि भाजलेल्या कांद्याचा वास. आई आली होती तेव्हा म्हणाली, "कुणीतरी गोडा मसाला करतंय." सूप मात्र तिने खाल्लं नाही, वास घेत बसली. पदार्थांना नंबर असतात, त्यामुळे नऊ वर्षं जाऊनही माझं तिथलं नाव 'सोळा नंबर'.

*

ह्यूस्टनकर, हनोईला या. इथे तुळशीचा भारा आणि मोड आलेले मूग वाडग्याबरोबर येत नाहीत, ती दक्षिणेची तऱ्हा. मी पहिल्याच दिवशी गोड होइसिन सॉस मागितला. बाईंनी बघितलं फक्त. साबुदाणा खिचडीवर केचप मागितल्यावर माझी आजी बघेल, तस्सं. सकाळी साडेसहाला फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलावर बसायचं, कच्च्या मांसाच्या पातळ चकत्या उकळत्या रश्शात रंग बदलताना बघायच्या, सोबत 'क्वाय', म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, बुडवायच्या. गुडघे दुखतात, इतकीच तक्रार.

*

यीवू, चीन. मुंबईत इमिटेशन ज्वेलरीचा धंदा, वर्षातून दोन खेपा. रोजचं जेवण लान्चौ नूडल्सच्या दुकानात. हुई मुसलमान चालवतात, डुक्कर नाही, सगळं हलाल. रस्सा नितळ, त्यात पांढरा मुळा, लाल तिखट तेल, हिरवी कोथिंबीर. नूडल्स समोर ओढतात: गोळा ताणला, दुमडला, पुन्हा ताणला. दर घडीला दुप्पट, म्हणजे आठ घड्यांत 256 धागे. मी हिशेबाचा माणूस, मोजत बसतो. जाडीही सांगायची असते, केसासारखी बारीक ते पट्ट्यासारखी रुंद. मांस मात्र ब्लेडने कापल्यासारखं पातळ! एकदा मी बाहेरून बियरची बाटली घेऊन शिरलो. मालकाच्या शाळकरी पोराने काही न बोलता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. बाटली दाराबाहेर ठेवली. जेवून आलो तेव्हा तिथेच होती.

*

मी शाकाहारी, नवरा खातो. तैवानच्या या दुकानांत माझ्यासाठी 'माच्यांग-म्येन' सापडलं, तिळाच्या कुटात कालवलेल्या कोरड्या नूडल्स. फ्रिजमधून काकडी आणि उकडलेले शेंगदाणे उचलायचे. बरोबर फुकट सूपची वाटी येते, तिथे सावध. ती त्याच पातेल्यातली असू शकते.

*

भुरके मारून खाल्लं तर कुणी वळूनही बघत नाही. लहानपणी आमटी भुरकल्याबद्दल खाल्लेल्या धपाट्यांची भरपाई झाली.

*

(धागाकर्ती) कुणीतरी खासगीत विचारलंय, टेबलावर डब्यात असतो तो मोहरीचा आंबट पाला फुकट आहे का, आणि किती घ्यायचा. फुकट आहे. आधी नुसता रस्सा दोन चमचे चाखायचा, मग चिमटाभर पाला. मी पहिल्या दिवशी अर्धा डबा ओतला होता. मालकीणबाई आल्या, डबा उचलला, झाकण लावलं आणि पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवला.