मदत हवी आहे: मावशीचं हॅप्टोग्लोबिन एकदम कमी आलंय, जीन टेस्ट करायची का?

नमस्कार मंडळी, कोणी पॅथॉलॉजी किंवा बायोकेमवाले असतील तर प्लीज वाचा.

माझी मावशी गिरगावात राहते, तिचा हार्टचा व्हॉल्व्ह बदललेला आहे, मेटलवाला, त्याला बरीच वर्षं झाली. हल्ली तिला जिना चढताना धाप लागते, चाळीचा तिसरा मजला, लिफ्टचा प्रश्नच नाय, म्हणून डॉक्टरांनी ब्लड टेस्ट लिहून दिल्या. हिमोग्लोबिन खाली, एलडीएच वर, आणि हॅप्टोग्लोबिन म्हणून जे काय आहे ते एवढं कमी की लॅबने धड आकडापण दिला नाही, नुसतं 'अमुकपेक्षा कमी'. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात. मावसबहीण बीएस्सी करते, ती बोलली की ह्या प्रोटीनचा एचपी नावाचा जीन असतो, त्याचे दोन प्रकार, आपल्याकडे जास्त करून दोन नंबरचा, म्हणजे आईचा जीनच वीक असणार आणि मग माझापण! झालं, आता घरात सगळ्यांची जीन टेस्ट करायची टूम निघालीय. हा जीन नक्की करतो काय, आणि रिपोर्ट कमी म्हणजे जीन खराब असं असतं का?

---

लालपेशी:
जीन टेस्टचे पैसे वाचवा आधी. 

एचपी जीन १६ नंबरच्या क्रोमोझोमवर असतो, त्यावरून मुख्यतः लिव्हरमध्ये हॅप्टोग्लोबिन बनतं आणि रक्तात सोडलं जातं. काम एकच, पण महत्त्वाचं. लाल पेशी रक्तातच फुटली की आतलं हिमोग्लोबिन मोकळं सुटतं, त्याचे तुकडे होऊन ते किडनीतून गळायला लागतं, त्यातलं लोह तिथे नासधूस करतं, शिवाय रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड पण ते खाऊन टाकतं. हॅप्टोग्लोबिन हे मोकळं हिमोग्लोबिन इतकं घट्ट पकडतं की सहसा परत सुटत नाही. मग मॅक्रोफेज म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशींवर सीडी१६३ नावाचा रिसेप्टर (पकडणारा हुक समजा) असतो तो ही जोडी आत ओढून घेतो, काही मिनिटांत.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आत गेलेलं हॅप्टोग्लोबिन परत बाहेर येत नाही, हिमोग्लोबिनसोबत तेही मोडतं. एरवी ते रक्तात काही दिवस टिकतं, पण पेशी सतत फुटत असतील तर लिव्हर बनवतंय त्याच्या आधीच संपतं. जीन व्यवस्थित चालू असतो, माल उरत नाही. मेटलचा व्हॉल्व्ह + एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम) वर + हॅप्टोग्लोबिन गायब, हे बघून कोणीही आधी व्हॉल्व्हपाशी पेशी फुटतायत का तेच बघेल.

---

सातरस्ता_पार:
लालपेशी +१. बहिणीला सांगा की दोन प्रकार बरोबर आहेत, एचपी१ आणि एचपी२, पण दोन नंबरचा म्हणजे बिघडलेला नव्हे. जीनचा एक तुकडा कधीतरी डबल झाला आणि एचपी२ तयार झाला, त्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना जोडून मोठमोठ्या साखळ्या होतात. अशा लोकांत लेव्हल सरासरीने थोडी कमी असते, पण म्हणून अशी तळाला जात नाही. भारतात बहुतेक लोक हेच घेऊन फिरतायत, विरार फास्टमधला अर्धा डबा तरी असेल 😄

जीनच उडालेला असणारे लोक असतात, जपान, कोरिया, थायलंड ह्या बाजूला, दोन्ही कॉप्या गेल्या की हॅप्टोग्लोबिन शून्य. तरी ते रोजचं आयुष्य ठीक जगतात, रक्त चढवताना मात्र जबरदस्त रिअॅक्शन येऊ शकते.

अवांतर: हे प्रकार १९५५ मध्ये टोरांटोला ऑलिव्हर स्मिथीज ह्या शास्त्रज्ञाने बटाट्याच्या स्टार्चच्या जेलमध्ये सीरम (रक्तातला पातळ भाग) विजेवर पळवून शोधले. जेलची आयडिया लहानपणी आईला शर्टांना खळ करताना बघितलं होतं त्यावरून. पुढे २००७ मध्ये त्याला नोबेल मिळालं, ते उंदरांच्या जीनवरच्या वेगळ्या कामासाठी.

---

धागाकर्ता:
खूप थँक्स दोघांना, बहिणीला दाखवलं, ती जरा गप्प झालीय. अजून एक, काका बोलतात की रक्त पातळ करायच्या गोळीनेच पेशी फुटत असतील, दोन दिवस बंद करून बघूया. चालेल का?

---

लालपेशी:
अजिबात नाही!! ती गोळी पेशी फोडत नाही, आणि मेटलच्या व्हॉल्व्हवाल्याने स्वतःहून बंद केली तर व्हॉल्व्हवर गुठळी होऊन स्ट्रोक येऊ शकतो. काकांना हे आजच सांगा.

डॉक्टरांना विचारा: इको (हार्टची सोनोग्राफी) करून व्हॉल्व्हच्या कडेने लीक आहे का ते बघणार का, रेटिक काउंट (नवीन लाल पेशी किती बनतायत), बिलिरुबिन (पेशी फुटल्यावर वाढणारं पिवळं द्रव्य), आणि फेरिटिन (अंगात साठलेलं लोह) ह्या टेस्ट करणार का. फेरिटिन अशासाठी की लघवीवाटे लोह जात राहतं आणि पेशंटला वरून लोहाची कमतरता पण होते. थोडंफार फुटणं चांगल्या चालणाऱ्या मेटल व्हॉल्व्हमध्येही असतं, तेव्हा नुसत्या ह्या एका रिपोर्टवर घाबरू नका. सीआरपी (सूज दाखवणारी ब्लड टेस्ट) केलंय का? अंगात सूज किंवा इन्फेक्शन असेल तर लिव्हर हाच जीन जोरात चालवतं आणि हॅप्टोग्लोबिन उलट वाढतं, तरी तुमच्या मावशीचं तळाला आहे म्हणजे पेशी बऱ्यापैकी फुटतायत.

लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा बसल्या बसल्या धाप लागली तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या. आणि जुना इकोचा रिपोर्ट शोधून ठेवा, तुलना करायला तोच लागेल.